काँक्रीटचा मांडव

वाचकहो, राजापूर तालुक्यातल्या नाटे गावी कधी जाणे झाले, तर यशवंतगडाच्या तटाला हात लावून पाहा. हाताला लागेल तो जांभा. तांबडा, खरबरीत, पोळ्यासारखा भोकाभोकांचा. खाडीवरचा खारा वारा पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर आदळतो आहे. पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ चढते, उन्हाळ्यात ते वाळून काळे पडते. झाडांची मुळे सांध्यांत शिरतात, तट फुगतो, चिरे निखळतात. पण निखळलेला चिरा उचलून पाहिलात, तर तो चिराच असतो. पुन्हा लावता येतो. खाणीतून निघताना हा दगड इतका मऊ असतो की हत्याराने तासून त्याला हवा तसा आकार द्यावा, आणि उघड्यावर राहिला की तो अधिकच घट्ट होत जातो. कोकणातल्या माणसाला हे मी सांगायला नको.

एवढी ओळख मनाशी ठेवा, कारण आता आपल्याला याच किनाऱ्याने दक्षिणेला जायचे आहे. सिंधुदुर्ग जिल्हा ओलांडायचा, तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात उतरायचे आणि थेट पणजी गाठायची. तिथेही पाऊस हाच, वारा हाच आणि जमिनीखालचा दगडही हाच. मांडवी नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडे अलीकडे, कांपाल नावाच्या झाडीच्या भागात, नदीच्या काठाला एक बसकी, ऐसपैस इमारत आहे. ती गोव्याची कला अकादमी. १९७३ ते १९८३ या दहा वर्षांत ती उभी राहिली. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया. या इमारतीत जांभाही आहे, पण तिचा सगळा डौल, आणि तिचे सगळे दुखणेही, काँक्रीटमध्ये आहे. काँक्रीटचा स्वभाव जांभ्याच्या नेमका उलट. जांभा उघड्यावर पक्का होतो. काँक्रीट उघड्यावर, खाऱ्या हवेत, आतून खंगत जाते. हे कसे होते ते पुढे पाहू. आधी इमारत पाहून घेऊ.

रस्त्यावरून पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते. नाट्यगृह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक दर्शनी भाग येतो. उंच खांब, रुंद पायऱ्या, वर मोठ्या अक्षरांत नाव. इथे दर्शनी म्हणावी अशी भिंतच नाही. आहे ते एक छप्पर, काँक्रीटच्या तुळयांचे, जाळीदार, रस्त्याच्या अंगाला पुढे आलेले. त्या तुळयांमधून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली पडते. तुम्ही त्याच्याखालून चालू लागता, पाचपन्नास पावले टाकता, आणि मग लक्षात येते की आपण आत आलो आहोत. नेमके कुठल्या पावलाला आत आलो, ते सांगता येत नाही. उंबरठा लागलेला नसतो. तसेच सरळ पुढे जावे तर इमारत संपता संपता नदी येते. कोरियांनी उपाहारगृहही त्याच बाजूला, पाण्याच्या अंगाला ठेवले. पलीकडच्या काठावर रेइश मागुशचा किल्ला दिसतो.

याला आपल्याकडे एक साधा शब्द आहे. मांडव. लग्नाच्या मांडवाला दार असते का? कुठूनही शिरावे, सावलीत टेकावे, ओळखीचे कोणी दिसले तर बोलत बसावे. कोरियांनी हाच मांडव काँक्रीटमध्ये घातला आणि त्याच्या आडोशाला नाट्यगृह, उघडे रंगमंदिर, छोटे प्रायोगिक नाट्यगृह, संगीत-नृत्याचे वर्ग, असे सगळे बसवले. नाटक बघायला आलेला माणूस, तबल्याच्या वर्गाला आलेले पोर आणि नुसताच वारा खायला आलेला म्हातारा, तिघेही एकाच छपराखालून जातात.

तुम्ही म्हणाल, यात एवढे काय? यात पुष्कळ आहे. आपल्या गावातल्या करमणुकीला कधी दार नव्हते. शिमग्यात रत्नागिरीकडे खेळे घरोघर फिरतात, अंगणात नमन होते. खाली मालवण-सावंतवाडीकडे दशावतार रात्रभर देवळाच्या आवारात चालतो. बायका पोरांना मांडीवर घेऊन बसतात, पोरे झोपतात, कुणी मध्येच उठून चहाच्या टपरीवर जातो आणि राक्षस रंगात आला की परत येतो. शहरातल्या नाट्यगृहाने या सगळ्याला दार लावले. तिकीट लावले ते ठीकच, कलावंताचे पोट चालले पाहिजे. पण दाराबरोबर एक संकोचही आला. मोठी काच, गुळगुळीत संगमरवर, टोपीवाला पहारेकरी, हे पाहिले की पायांत साध्या वहाणा असलेला माणूस आपण होऊनच रस्त्याच्या पलीकडे थांबतो. त्याला कुणी अडवलेले नसते. इमारतच त्याला अडवते. कला अकादमीच्या रचनेत हा अडसर काढून टाकलेला आहे, आणि माझ्या मते तिची सगळ्यांत मोठी करामत हीच. आतल्या खुर्च्या, दिवे, ध्वनियोजना यांत तिच्याहून सरस नाट्यगृहे देशात आहेत.

कोरियांविषयी थोडे सांगायला हवे. घराणे मूळचे गोव्याचे, जन्म १९३० साली सिकंदराबादचा, कॉलेजचे शिक्षण मुंबईत सेंट झेवियर्समध्ये, पुढे अमेरिकेत मिशिगन आणि एम. आय. टी. येथे. १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा व्यवसाय सुरू केला. साबरमतीच्या आश्रमातले गांधी स्मारक संग्रहालय हे त्यांचे सुरुवातीचे काम, १९६३ साली पुरे झालेले. विटांचे खांब, वर कौलारू छपरे, खिडक्यांना काचेऐवजी लाकडी पट्ट्या, आणि मध्ये मोकळे आकाश. महाराष्ट्राला ते अधिक ठाऊक आहेत ते नव्या मुंबईच्या कल्पनेमुळे. शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर त्यांनी खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची योजना मांडली आणि पुढे सिडकोचे ते प्रमुख वास्तुशिल्पी झाले. पुण्यातली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था त्यांचीच. भोपाळचे भारत भवन, १९८२ साली उघडलेले, तेही त्यांचेच. तिथे तर तळ्याच्या काठी इमारत जवळजवळ जमिनीखालीच दडवलेली आहे. २०१५ साली ते वारले.

या सगळ्या कामांत एक धागा आहे. आपल्या हवेत माणसाला वर्षाचे बरेच दिवस चार भिंतींपेक्षा डोक्यावर सावली आणि अंगाला वारा हवा असतो, असे ते धरून चालत. बंद पेटी बांधून तिच्यात थंड हवा सोडायची, ही थंड देशांतून आलेली रीत. विजेचे बिल आले की तिची खरी किंमत कळते. त्यापेक्षा ओसरी, पडवी, अंगण, गच्ची यांचीच नव्या साधनांनी मांडणी करावी. कला अकादमी हे त्या विचाराचे कोकणी रूप.

आता काँक्रीटकडे वळू. या घराण्याच्या इमारतींना जगात ‘ब्रुटालिस्ट’ म्हणतात. इंग्रजी जाणणाऱ्याला हा शब्द ऐकून ‘ब्रूट’, म्हणजे राकट, दांडगट असे काहीतरी आठवते, आणि इमारती पाहून तो समज पक्का होतो. मूळ मात्र फ्रेंच आहे. ‘बेताँ ब्र्यूत’ म्हणजे कोरे काँक्रीट, साच्यातून निघाले तसेच ठेवलेले. ल कॉर्बुझिएने दुसऱ्या महायुद्धानंतर मार्सेय शहरात एक प्रचंड निवासी इमारत बांधली. ती १९५२ साली पुरी झाली. सेंट्रिंगच्या फळ्यांच्या रेषा, लाकडाच्या गाठींचे ठसे, फळ्या नीट न जुळल्याने उमटलेल्या कडा, हे सगळे त्याने झाकले नाही. गिलावा नाही, रंग नाही. १९५५ साली रेनर बॅनम या इंग्रज समीक्षकाने या नव्या पंथावर लेख लिहिला आणि नाव रूढ झाले. यातली भूमिका समजण्यासारखी आहे. इमारत ज्याची आहे त्याचीच दिसावी, विटेला संगमरवराचे सोंग देऊ नये.

हिंदुस्थानात हे काँक्रीट लवकर रुजले. चंदीगडला आणि अहमदाबादला कॉर्बुझिएने स्वतःच कामे केली. पण नुसत्या अनुकरणाने ते इतके पसरले नसते. पोलाद महाग आणि दुर्मिळ होते, मोठ्या काचा परवडत नव्हत्या; उलट सुतार, गवंडी आणि घमेली वाहणारे हात मुबलक होते. लाकडी साचा करून त्यात काँक्रीट ओतणे हे हातांचे काम, त्याला कारखाना लागत नाही. शिवाय काँक्रीटची खोल पट्टी, जाड छज्जा, जाळी यांनी उन्हाला दूर ठेवता येते. अर्थात सिमेंटही काही वाटेवर पडलेले नव्हते. ज्या वर्षांत कला अकादमी बांधली जात होती, त्या वर्षांत सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते आणि घरासाठी चार पोती हवी असली तरी परवान्यासाठी खेटे घालावे लागत. १९८२ साली ते नियंत्रण अंशतः उठले. आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या घरांचे जोते ‘सिमेंट आले की पुढे’ या वाक्यावर थांबलेले होते!

व्याख्येच्या काटेकोर मापाने पाहिले तर कला अकादमी या पंथाची सख्खी नव्हे, चुलत म्हणावी लागेल. तिच्यात तो अंगावर येणारा भारदस्तपणा नाही. लंडनमधले राष्ट्रीय नाट्यगृह घ्या. डेनिस लॅस्डन यांनी बांधलेले, १९७६ साली उघडलेले, थेम्स नदीच्या काठी काँक्रीटच्या थरांवर थर. तेव्हाच्या युवराज चार्ल्स यांनी १९८८ साली त्याची तुलना अणुवीजकेंद्राशी केली होती. नाटे-जैतापूरकडच्या वाचकांनी या उपमेचा निराळा अर्थ काढू नये. त्यांना फक्त ती इमारत आवडली नव्हती. पुढे १९९४ साली त्याच इमारतीला इंग्लंडने संरक्षित वास्तूंच्या यादीत घेतले. कला अकादमीही नदीकाठची, काँक्रीटचीच, पण ती झाडांच्या वर डोके काढत नाही. तिने छाती पुढे काढलेली नाही, सावली पुढे केलेली आहे.

आणि आत गेल्यावर तर ती चक्क थट्टा करते. मुख्य प्रेक्षागृहाला नाव आहे दीनानाथ मंगेशकर कलामंदिर. मास्टर दीनानाथ गोव्याच्या मंगेशीचे, नाव योग्यच. साधारण हजार माणसे बसतील एवढे ते मोठे आहे. त्याच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी चित्रे काढली. मिरांडा म्हणजे मुंबईच्या वृत्तपत्रांतून घराघरांत पोचलेले, गोव्याच्या लोटली गावचे व्यंगचित्रकार. जुन्या गोव्यातल्या एखाद्या नाट्यगृहाचे सज्जे भिंतींवर रंगवले आणि त्यांत प्रेक्षक बसवले. कोणी पंखा हलवते आहे, कोणी शेजारणीच्या कानाला लागले आहे, कोणाचे लक्ष रंगमंचाकडे मुळीच नाही. भिंत सपाट, पण नजर फसते. नाटक मंडळींच्या दृष्टीने याचा एक फायदा असा की समोर चारच माणसे असली तरी घर अगदीच रिकामे म्हणता येत नाही. हा भिंतीवर खोटे सज्जे काढण्याचा खेळ कोरियांना आवडत असावा. दोना पावलाच्या किनाऱ्यावर त्यांनी त्याच सुमारास बांधलेल्या हॉटेलातही तो आहे. ‘जे आहे तेच दाखवा’ म्हणणाऱ्या काँक्रीटच्या घरात असे सोंग! पण नाट्यगृहात सोंग आणायचे नाही तर कुठे आणायचे?

बाहेर, उघड्या आकाशाखाली, दोन हजार माणसांचे पायऱ्यापायऱ्यांचे रंगमंदिर आहे. केसरबाई केरकरांच्या नावाचा संगीत समारोह, मराठी आणि कोंकणी नाट्यस्पर्धा, तियात्र, भजनस्पर्धा, २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असे या वास्तूने पुष्कळ पाहिले आहे. अकादमी ही संस्था इमारतीपेक्षा जुनी, १९७० सालची. गोवा तेव्हा दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश होता; घटक राज्य व्हायला १९८७ साल उजाडले. एवढ्याशा प्रदेशाने एवढे मोठे घर बांधायला घेतले, याचे कौतुक केले पाहिजे.

आता दुखण्याकडे येऊ. हा भाग थोडा सावकाश वाचा, कारण तो पणजीपुरता नाही. तुमच्या घराच्या स्लॅबलाही तो लागू आहे.

काँक्रीट हे दाबाला भक्कम आणि ताणाला अगदी कच्चे. एक लांब तुळई दोन भिंतींवर ठेवली तर ती मधोमध किंचित लवते. तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची बाजू ताणली जाते. खालून ती तडकू नये म्हणून तिथे पोलादाची सळई घालतात. दोघांची जोडी जमते याचे एक कारण निसर्गाची मेहेरबानी म्हटले पाहिजे, ते म्हणजे उन्हाने लोखंड आणि काँक्रीट जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात फारकत झाली असती. दुसरे कारण रसायनाचे. ताज्या सिमेंटमध्ये क्षार भरपूर असतो. त्या क्षारात लोखंडावर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो, आणि तो असेपर्यंत लोखंड गंजत नाही.

या पापुद्र्याला दोन शत्रू आहेत. एक म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो हळूहळू आत मुरतो आणि सिमेंटचा क्षारपणा कमी करत जातो. हा शत्रू संथ आहे. चांगल्या काँक्रीटमध्ये त्याला सळईपर्यंत पोचायला काही दशके लागतात. दुसरा शत्रू म्हणजे मीठ. समुद्राच्या वाऱ्याबरोबर उडालेले तुषार भिंतीवर बसतात, पावसाच्या पाण्यात विरघळतात आणि काँक्रीटच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून आत जातात. क्षारपणा शाबूत असला तरीही मीठ तो पापुद्रा जागोजाग फोडते. मग पाणी आणि हवा मिळताच गंज सुरू होतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. ती जागा तो कुठून आणणार? काँक्रीटला आतून रेटतो. आधी सळईच्या रेषेत केसाएवढी चीर दिसते, मग तिच्यातून तपकिरी ओघळ येतो, मग खपली सुटते आणि एक दिवस तुकडा खाली पडतो. चीर पडली की पाणी आणखी आत जाते, म्हणजे रोग स्वतःच स्वतःला खतपाणी घालतो.

सळईवर काँक्रीटचे आवरण किती आहे यावर सारे अवलंबून असते. गवंडी त्याला कव्हर म्हणतात. जुन्या भारतीय मानकात साध्या स्लॅबला १५ मिलिमीटर पुरे समजले जाई. म्हणजे तुमच्या बोटाच्या जाडीएवढे. २००० सालच्या मानकात किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला किमान ४५ मिलिमीटर आणि खारे तुषार थेट अंगावर येत असतील तर ५० मिलिमीटर सांगितले आहे. एका बोटाची तीन बोटे झाली. हे शहाणपण उगाच सुचलेले नाही. मधल्या काळात देशभरच्या किनाऱ्यांवर जी कामे खंगली, त्यांनी ते शिकवले.

आता कला अकादमीच्या त्या मांडवाचा विचार करा. सावलीसाठी ज्या तुळया आणि पट्ट्या बाहेर काढल्या, त्या वारा-पावसाला चहूबाजूंनी उघड्या. बाहेरच्या भिंतीला वाऱ्या-पावसाचा मार एका बाजूने, पट्टीला चारही बाजूंनी. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि पलीकडेच भरती-ओहोटीची खारी नदी. म्हणजे जो भाग या इमारतीला आपल्या हवेशी मिळतेजुळते करतो, तोच आपली हवा सर्वांत आधी खाते. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत गुळगुळीत छायाचित्रे असतात, ती इमारत पुरी झाल्याच्या आठवड्यात काढलेली. चाळिसाव्या पावसाळ्यानंतरचे छायाचित्र कोणी छापत नाही.

२०१९ साली उघड्या रंगमंदिराचा भाग धोकादायक झाला आहे, तो पाडावा, असा सरकारी विचार बाहेर आला. कलावंत, वास्तुशिल्पी आणि नागरिक यांनी विरोध केला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेले. पाडण्याचा विचार मागे पडला आणि दुरुस्ती ठरली. २०२१ मध्ये इमारत कामासाठी बंद झाली. काम चालू असतानाच, १७ जुलै २०२३ रोजी, भर पावसाळ्यात, उघड्या रंगमंदिराच्या छपराचा भाग कोसळला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये दारे उघडली (दारे नसलेल्या इमारतीची म्हणा), पण गळतीवरून, ध्वनी आणि प्रकाशयोजनेवरून कलावंतांच्या तक्रारी पुढेही चालू राहिल्या. छप्पर का पडले यावर विधानसभेत आणि वृत्तपत्रांत पुष्कळ भांडण झाले. त्यात मी पडत नाही.

मला बोलायचे आहे ते पाडण्याच्या विचाराबद्दल. अशा इमारतींविषयी आपल्याकडे एक विचित्र तर्क चालतो. देऊळ पडायला आले तर आपण जीर्णोद्धार म्हणतो, किल्ल्याचा बुरूज ढासळला तर संवर्धन म्हणतो, आणि काँक्रीटची इमारत चाळिशीला आली की ‘आयुष्य संपले’ म्हणतो. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे राष्ट्रदालन घ्या. राज रेवल वास्तुशिल्पी आणि महेंद्र राज अभियंता. काँक्रीटच्या त्रिकोणी सांगाड्याची अशी रचना जगात क्वचित झाली होती. १९७२ साली ते बांधले, एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत पाडले. वय पंचेचाळीस. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचे वय त्याहून थोडे अधिक, १९६८ सालचे. ते पाडून नवे बांधण्याची भाषाही पुणेकरांनी ऐकली आहे. जुनेपणाला आदर मिळायला दोनशे वर्षे लागतात आणि काँक्रीटला ती दोनशे वर्षे जगू दिली जात नाहीत, अशी ही कोंडी आहे.

दुरुस्ती होऊ शकते का? होऊ शकते, पण ती वेळखाऊ आणि कष्टाची असते. आधी हातोडीने ठोकून सगळा पृष्ठभाग तपासायचा आणि पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करायची. तेवढे काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत खोदून काढायचे. नुसते वरवर खरवडून भागत नाही, कारण मीठ मागेही असते. सळई लखलखीत होईपर्यंत घासायची, अर्धी खाल्लेली असेल तर नवी जोडायची, संरक्षक लेप द्यायचा आणि मग चांगल्या प्रतीच्या मसाल्याने जागा भरायची. वरचे पाणी बंद करायचे, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. हे एकदा करून संपत नाही. दर काही वर्षांनी ठोकून पाहावे लागते. कोऱ्या काँक्रीटचे काम आणखी नाजूक. नवा तुकडा जुन्याच्या रंगाला आणि फळीच्या रेषेला जुळवावा लागतो, नाहीतर ठिगळ लांबून दिसते. म्हणून बहुतेक ठिकाणी सरसकट रंग फासून मोकळे होतात. मला तो रंग आवडत नाही. पण पाडणे आणि रंगवणे यांत निवडायचे झाले तर मी डोळे मिटून रंगाला हो म्हणेन. रंग पुढच्या पिढीला खरवडून काढता येतो.

गोव्याला गेलात तर संध्याकाळी पाच-साडेपाचला तिथे जा, म्हणजे तुळयांच्या सावल्या लांब पडलेल्या दिसतील. नाटक असेल तर तिकीट काढा. नसेल तर छपराखालून नदीपर्यंत नुसते चालून या, आणि जाता जाता वर पाहा.

आणि नाट्याला परत आलात (गावाला म्हणतो, नाटकाला नव्हे), की एकदा आपल्या शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा स्वतःच्या घराच्या गच्चीखाली उभे राहा. खाडीकाठची बांधकामे पुष्कळदा खाडीच्याच वाळूची असतात आणि ती वाळू गोड्या पाण्याने धुतलेली असेलच असे नाही. म्हणजे मीठ बाहेरून यायची वाट न पाहता सुरुवातीपासूनच आत बसलेले. सरळ रेषेत गेलेली चीर दिसते का, तपकिरी ओघळ दिसतो का, ते पाहा. हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोका. टणटणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तेवढ्या जागेला खडूने गोल करा, खाली पोरांना बसू देऊ नका, आणि गवंड्याला मृगाच्या आधी बोलवा. मृगानंतर तो मिळायचा नाही.